वेशीबाहेरची टेकडी : एकोणिसाव्या शतकातील बालभक्तिगीतांविषयी

जव्हारकडील एका वसतिगृहातल्या मुलांना नाताळात म्हणण्यासाठी एक इंग्रजी गीत मराठीत करून द्यावे, अशी मागणी पुष्कळ वर्षांपूर्वी एका धर्मभगिनींनी प्रस्तुत लेखकाकडे केली होती. त्यांच्यापाशी जुन्या गीतपुस्तकातून उतरवून घेतलेली दोन पाने होती. पाखरे, फुले, डोंगर, नदी, फळे ही सारी देवाची निर्मिती आहे असे सांगणारे ते गीत इंग्रजी शाळांतून शिकलेल्या आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. दोन संध्याकाळी बसून मी ते उतरवून दिले. तिसऱ्या कडव्यात एका धनिकाचा वाडा होता, वाड्याच्या दाराशी एक गरीब होता, आणि दोघांचीही पायरी देवानेच ठरवून दिली आहे असा आशय होता. ‘वाडा’ला यमक सहज मिळाले, म्हणून मी मनाशी खूश झालो. तालमीला मी हजर होतो. मोखाड्याकडच्या एका मुलाने मध्येच विचारले, ‘वाडा म्हणजे आपला जव्हारचा राजवाडा का?’ भगिनी हो म्हणाल्या. मुलाने मान हलवली आणि पुन्हा सगळे गाऊ लागले.

गेल्या पावसाळ्यात जुने कागद उन्हाला घालायच्या निमित्ताने चाळताना तो अनुवाद हाती लागला आणि तिसऱ्या कडव्यापाशी मी थांबलो. त्या मुलाला मी काय म्हणायला लावले होते? टीकालेखाची सुरुवात स्वतःच्या चुकीने करण्याचा प्रघात नाही. परंतु ही चूक एकट्या माझी नव्हे. मुलांसाठी लिहिलेली भक्तिगीते आपण कधी वाचतच नाही, फक्त गातो. चाल गोड असली की शब्दांकडे आपला कानाडोळा होतो. म्हणून ही गीते एकदा काव्य म्हणून वाचावीत, आणि ती जव्हार-मोखाड्याच्या मुलाच्या तोंडी कशी लागतात ते पाहावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

मूळ गीताच्या कवयित्री सेसिल फ्रान्सेस अलेक्झांडर (१८१८-१८९५) या आयर्लंडच्या. त्या आपल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, अँग्लिकन होत्या. त्यांचे पती पुढे डेरीचे बिशप झाले. १८४८ साली, लग्नापूर्वी, त्यांनी ‘हिम्स फॉर लिटल चिल्ड्रन’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. जॉन कीबल यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. त्याच्या उत्पन्नातून मूकबधिर मुलांच्या संस्थेला साहाय्य झाले, हेही नोंदवले पाहिजे. पुस्तकाची कल्पना साधी होती. धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रेषितांचा विश्वासांगीकार मुले घोकतात, पण त्यातले एकेक वाक्य त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहत नाही. तेव्हा एकेका वाक्याचे एकेक गीत करावे. आकाश व पृथ्वीचा निर्माणकर्ता, याचे झाले सृष्टीचे गीत. कुमारी मरियेपासून जन्मला, याचे झाले दाविदाच्या नगरीतील गोठ्याचे गीत. पिलाताच्या अमलाखाली दुःख भोगले, याचे झाले हिरव्या टेकडीचे गीत. जगभर आजही गायली जाणारी ही तीन गीते एकाच छोट्या पुस्तकातली आहेत, ही गोष्ट सामान्य नाही.

या कवयित्रीचा मोठा गुण असा की ती मुलाला उपदेश करण्याआधी काहीतरी दाखवते. सृष्टीच्या गीतात पाण्याकाठची लव्हाळी रोज वेचणारी मुले आहेत. हा तपशील एखाद्या दिवाणखान्यातल्या कवीला सुचला नसता. आयर्लंडच्या खेड्यातल्या गरिबांना लव्हाळ्याचा उपयोग होता. ती गोळा करणे हे पोराबाळांचे काम होते. मोखाड्याच्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पहाटे मोहाची फुले वेचायला जाणारे, ओढ्यात खेकडे धरणारे, सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन चढण चढणारे ते मूल त्या ओळीत आपसूक शिरते. माझ्या अनुवादात मात्र लव्हाळी गळाली होती! मात्रेत बसेनात म्हणून मी तेथे ‘सुंदर सुमने’ घातली होती. अनुवादकाचा खरा गुन्हा कदाचित हाच असेल.

लव्हाळी वेचणारे मूल जिच्या नजरेने टिपले, तिच्याच लेखणीतून ते तिसरे कडवे उतरले. ते १८४८ सालचे आहे हे ध्यानात ठेवावे. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला होता, आणि त्या दुष्काळाच्या वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व साथींनी मेली. त्यांतले बहुसंख्य गरीब कॅथलिक होते. कवयित्रीचे वडील मोठ्या जमीनदाराचे कारभारी होते. ती स्वतः गरिबांच्या घरी जाणारी, आजाऱ्याची विचारपूस करणारी बाई म्हणून ओळखली जात होती. तिला पाषाणहृदयी म्हणणे अन्यायाचे होईल. पण दारात उभ्या असलेल्या भुकेल्याकडे पाहून ‘हा येथे का?’ असा प्रश्न तिला पडला नाही. तिला तो देखाव्याचाच भाग वाटला. डोंगर जसा जांभळा, नदी जशी वाहती, तसा गरीब दाराशी. अन्यायाला निसर्गाच्या यादीत बसवले की त्याच्याविरुद्ध तक्रार करण्याची सोय राहत नाही, आणि बालगीतात बसवले की तक्रार सुचण्याचे वयही निघून जाते.

या कडव्याची बाजू घेणारेही आहेत. त्यांचे म्हणणे असे की, श्रीमंत असो वा गरीब, दोघांनाही घडवणारा देव एकच, एवढाच कवयित्रीचा भाव होता. त्यात समतेचीच शिकवण आहे. व्याकरणाने हा अर्थ काढता येतो, नाही असे नाही. पण मूल व्याकरणाने गात नाही. शिवाय संत लूकने सांगितलेली लाजरस आणि श्रीमंत मनुष्याची गोष्ट आपण धर्मशिक्षणात शिकतो. तेथेही दार आहे, दाराशी फोडांनी भरलेला गरीब आहे, आणि आत पंक्ती उठत आहेत. प्रभू येशूने ती व्यवस्था देवाची म्हणून सांगितलेली नाही. त्या दारावरूनच श्रीमंताचा न्याय झाला. १९०६ साली ‘इंग्लिश हिम्नल’ तयार करताना पर्सी डिअरमर यांनी हे कडवे गाळले आणि नंतरच्या पुष्कळ पुस्तकांनी तोच मार्ग धरला. मला मिळालेली पाने त्याआधीच्या एखाद्या पुस्तकावरून उतरवलेली असणार.

जव्हारच्या राजवाड्याविषयी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे, नाहीतर माझी तुलना फार ढोबळ होईल. जयविलास राजवाड्यात राहणारे मुकणे राजे हे महादेव कोळी, म्हणजे आदिवासीच. ते संस्थान १९४८ साली विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात आले आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्या मुलाने राजवाडा ‘आपला’ म्हटला तो उगीच नव्हे. आयर्लंडच्या खेडुताला जमीनदाराचा वाडा ‘आपला’ म्हणता आला नसता. त्या एका शब्दात मुलाने माझ्या अनुवादावर केलेली दुरुस्ती मला तेव्हा ऐकू आली नाही.

आता त्याच पुस्तकातील हिरव्या टेकडीच्या गीताकडे वळतो. कारण तेथे मराठीने मूळ गीताला काही दिले आहे. टेकडी नगराच्या तटाबाहेर आहे, असे कवयित्री म्हणते. तिने योजलेले ‘बाहेर’ या अर्थाचे जुने इंग्रजी अव्यय आजच्या मुलांना ‘विना’ या अर्थाने ठाऊक असते, त्यामुळे टेकडीला भिंत कशाला हवी असा प्रश्न इंग्रज मुलांना पडत असे, आणि पुढच्या काही पुस्तकांनी तो शब्द बदलला. मराठीत ही अडचण नाही. आपण सरळ ‘वेशीबाहेर’ म्हणू शकतो. आणि हा शब्द उच्चारताच गीताचा अर्थच खोल होतो. ‘वेशीबाहेर’ म्हणजे केवळ भिंतीच्या पलीकडे नव्हे. ज्यांना गावाने गावात घेतले नाही त्यांची ती वस्ती. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) परिसरात एकोणिसाव्या शतकात जे कुटुंबेच्या कुटुंबे ख्रिस्ती झाली त्यांतली बहुतेक महार व मांग समाजाची होती. त्यांच्या मुलांना वेशीबाहेर हे कोठे असते ते सांगण्याची गरज नव्हती. ती तेथेच जन्मली होती. प्रभूला वेशीबाहेर नेऊन मारले असे त्या मुलाने गायले की प्रभू त्याच्या आळीत येतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही प्रभूने नगरद्वाराबाहेर दुःख सोसले हे मुद्दाम सांगितले आहे. जमीनदाराच्या कारभाऱ्याच्या मुलीने लिहिलेल्या गीतात एवढे सामर्थ्य दडले होते याची तिला स्वतःला कल्पना नसावी. अनुवाद मुळाची परीक्षा करतो तो अशा वेळी. तिसरे कडवे मराठीत आले की उघडे पडते, आणि टेकडी मराठीत आली की उंच होते.

मोखाड्यात मात्र हा शब्द तसाच चालेल का, अशी शंका मला येते. पाडे विखुरलेले, चार घरे या टेकाडावर तर पाच त्या उतारावर. तेथे तटबंदी नाही आणि दगडी वेसही नाही. आहे ती शीव, आणि शिवेवर वाघदेव. म्हणजे जव्हारच्या मुलासाठी ही टेकडी पुन्हा एकदा भाषांतरित करावी लागेल. ते काम माझ्यासारख्या वसईच्या माणसाने करू नये.

मराठी बालभक्तिगीतांचा इतिहास हा बराचसा आपल्या प्रोटेस्टंट बांधवांचा आहे. अमेरिकन मिशनचे लोक १८१३ साली मुंबईत आले, १८३१ साली अहमदनगरला पोहोचले, १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झाले, आणि १८७३ साली निघाले ‘बालबोधमेवा’. विनायक कोंडदेव ओकांचे सुप्रसिद्ध ‘बालबोध’ १८८१ सालचे. म्हणजे मराठी मुलांसाठी मासिक काढण्याची निकड मिशनरी मंडळींना आठ वर्षे आधी जाणवली होती. हे श्रेय त्यांना मोकळ्या मनाने दिले पाहिजे. त्यांच्या आरंभीच्या गीतांविषयी मात्र तसे बोलता येत नाही. बहुतेक गीते इंग्रजी चालीवर बेतलेली. इंग्रजी पद्य आघातावर चालते, मराठी पद्य ऱ्हस्वदीर्घाच्या तोलावर किंवा अक्षरांच्या संख्येवर. इंग्रजी चालीतला जोर मराठी शब्दाच्या भलत्याच अक्षरावर पडला की ऱ्हस्व इकार फरफटत दीर्घ होतो, विभक्तीचा प्रत्यय शब्दापासून तुटून पुढच्या ओळीत लोंबकळतो, आणि ‘देवाच्या’ म्हणताना ‘च्या’वरच सारी मंडळी सूर लावून उभी राहतात. मोठी माणसे हे भक्तिभावाने सहन करतात. मुले हसतात, आणि त्यांचे हसणे ही उत्तम समीक्षा असते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा प्रकार स्वीकारला, कृष्णाजी रत्नाजी सांगळ्यांसारख्यांनी देशी चालींवर पदे रचली, तेव्हा कोठे गीताच्या अंगावरचा परका अंगरखा उतरला. १८९५ च्या फेब्रुवारीत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणतात ते सार्थच आहे. परंतु त्यांच्या बालकवितेचे मर्म फुलांत नाही, नजरेत आहे. त्यांच्याआधीच्या गीतांत मूल हे ऐकणारे असते: मुलांनो असे करा, मुलांनो तसे करू नका. क्रियापदे पाहिली तरी सगळी आज्ञार्थी. टिळकांचे मूल स्वतः बोलते, पाखराला प्रश्न विचारते, आणि कवी त्याच्याबरोबर खाली बसून उत्तराची वाट पाहतो. आपल्या चर्चमधून त्यांची गीते आज आपण आपली मानून गातो. ती कोणत्या पंथाची हे विचारण्याचे कोणाच्या मनात येत नाही, ही चांगली गोष्ट आहे.

आणि आपण कॅथलिक? एकोणिसाव्या शतकात वसईच्या धर्मग्रामांत मिस्सा लॅटिनमध्ये होत असे, आणि मातृभाषेला उपासनेचे दार खऱ्या अर्थाने उघडले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केल्यानंतर. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ मराठी ओवीत छापले खरे, पण तो वारसा मुलांच्या गीतांपर्यंत वाहत आला नाही. मुलांची गाणी राहिली घरात: सामवेदी आणि वाडवळी बोलीतल्या आज्यांच्या तोंडी, पाळण्याशी. ती कोणी लिहून ठेवली नाहीत. युरोपात आपल्या बाजूने फादर फ्रेडरिक फेबर (१८१४-१८६३) यांचे नाव घ्यावे लागते. १८४५ साली कॅथलिक झालेल्या या धर्मगुरूला, प्रोटेस्टंट गरिबांजवळ गायला गीते आहेत आणि कॅथलिक गरिबांजवळ नाहीत, ही उणीव बोचत होती. त्यांनी गीते रचली आणि शेवटी त्यांची संख्या स्तोत्रसंहितेप्रमाणे १५० केली. रक्षकदूतावरचे त्यांचे गीत मुलांना फार आवडे. फेबरांच्या शब्दांत साखर अंमळ जास्त आहे. पण त्यांचे मूल देवाला घाबरत नाही, त्याच्याशी लडिवाळपणे बोलते. ज्या काळी मुलांना प्रथम ख्रिस्तशरीर दहा-बारा वर्षांच्या आधी बहुधा मिळत नसे (सातव्या वर्षाच्या सुमारास ते देण्याचा आदेश दहावे पायस यांनी १९१० साली काढला), त्या काळी हा लडिवाळपणा हेच मुलाचे प्रभूजवळचे आसन होते.

शेवटचा मुद्दा अवघड आहे आणि तो टाळावा असे मला अनेकदा वाटले. एकोणिसाव्या शतकातील बालगीतांत मरण फार. लहान थडगी, देवदूतांचे पंख, स्वर्गात जमलेली मुले. आजचा वाचक याला भाबडी भावविवशता म्हणून हसतो. जगातील बहुधा सर्वांत प्रसिद्ध बालगीत, येशूच्या प्रेमाचे, १८६० साली अमेरिकेच्या अ‍ॅना वॉर्नर यांनी आपल्या बहिणीबरोबर लिहिलेल्या कादंबरीसाठी रचले. कादंबरीत ते गीत मरणाच्या दारी असलेल्या एका लहान मुलाला त्याचे शिक्षक ऐकवतात. दोन वर्षांनी विल्यम ब्रॅडबरी यांनी त्याला चाल दिली, ध्रुवपद जोडले, आणि ते रोग्याच्या खाटेवरून उठून शाळेच्या अंगणात आले. आज टाळ्या वाजवत ते म्हणणाऱ्या मुलांना, किंवा त्यांच्या शिक्षकांना, त्याचे जन्मस्थान ठाऊक नसते. त्या काळी घराघरात मुले जात होती. गीते खोटी नव्हती.

आणि आपल्या जिल्ह्यात तो काळ संपला असे म्हणण्याचे धाडस कोणी करावे? १९९२ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली तेव्हा हे नाव राज्यभर झाले. २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा तशाच बातम्या आल्या. अशा ठिकाणी स्वर्गातल्या मुलांचे गीत म्हणावे की न म्हणावे? माझे मत असे: ज्या आईचे मूल गेले तिच्यासमोर ते म्हणावे, कारण आपल्या श्रद्धेपाशी तिला देण्यासारखे तेवढेच आहे, आणि ते खरे आहे. पण वर्गात, जिवंत मुलांकडून, ते घोकून घेऊ नये. भुकेने गेलेल्या मुलाला देवाने आवडले म्हणून नेले, असे जिवंत भुकेल्या मुलाकडून गाऊन घेणे म्हणजे तिसरे कडवेच निराळ्या चालीवर म्हणणे होय. वॉर्नरबाईंच्या गीताला हा दोष लागत नाही. त्यात मरण आहे, पण मरणाचे समर्थन नाही. दुबळ्याच्या बाजूला कोणीतरी बलवान उभा आहे एवढेच ते सांगते. म्हणूनच बहुधा ते कादंबरीतून सुटून जगू शकले.

वसईच्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी असे नाही. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याचे पाडे ओस पडतात. नागली-वरईची कापणी झाली की कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीला, वाड्याला, आपल्या वसईला, आणि शिमग्याच्या सुमारास परततात. मुलेही बरोबर. म्हणजे आपण नाताळचा गोठा सजवत असतो तेव्हा त्या तालुक्यांतली कित्येक मुले आपल्याच धर्मग्रामांच्या हद्दीत, आपल्याच दारापासून हाकेच्या अंतरावर असतात. तिसऱ्या कडव्यातला वाडा कोणाचा, या मुलाच्या प्रश्नाला भगिनींनी दिलेले उत्तर निदान अपुरे होते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला व पुढे डहाणू तालुक्यातील कोसबाडला वारली मुलांसाठी जे केले त्याचा पाठ आपल्या धर्मशिक्षणाने पुरता घेतलेला नाही. मूल शाळेत येत नाही तर शाळा कुरणात न्यावी, हे त्यांचे म्हणणे गीतालाही लागू आहे.

वसतिगृहातल्या आताच्या भगिनींनी अलीकडेच त्या अनुवादाची प्रत मागितली. तेथली वाळवीने खाल्ली होती. मी प्रत पाठवली. ‘सुंदर सुमने’ काढून लव्हाळी परत आणली, दोन मात्रा वाढल्या तरी. तिसऱ्या कडव्याची जागा कोरी ठेवली आणि मुलांकडून भरून घ्या असे कळवले. उत्तरादाखल वहीची चार पाने आली. बहुतेकांनी आपल्या आवडीच्या वस्तूंची यादी केली होती: वैतरणा, मोहाचे झाड, करवंदे, कोंबडा, बोहाड्याचे सोंग. सहावीतल्या एका मुलीने नागली देवाने केली, पाऊस देवाने केला असे लिहून शेवटी वीट बाबाने केली असे लिहिले होते. ही ओळ चालीत बसत नाही. शेवटी एक मात्रा कमी पडते. भगिनींनी ती जुळवून मागितली होती. मी तशीच ठेवा म्हणून कळवले आहे.